दोन हात दोरी

२ सप्टेंबर

शाळेच्या कारकुनाने मागल्या वर्षीची कोरी डायरी दिली. वार चुकीचे आहेत, तारखा चालतील. टिटवी म्हणाली, "मावशी, तू दिवसभर लोकांना जे बोलतेस ना, त्यातलं निम्मं यात लिहीत जा. तेवढेच लोक सुटतील."

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर बरं आहे, बाकी देवाला माहीत.

टिटवी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती, नुसत्या काड्यांसारखे पाय आणि दिवसभर ओरडा. म्हणून टिटवी. आता पंधरा पुरी झाली, दहावीला आहे, पाय तसेच. माझ्या नवऱ्याबद्दल लिहायचं तर, होता. पुढे.

मी हिच्याच शाळेत शिपाई. घंटा, खडू, पाण्याच्या टाक्या आणि मैदान. शाळेत सगळीच मला मावशी म्हणतात, मोठ्या बाईंपासून पाचवीतल्या शेंबड्यांपर्यंत. खरी मावशी मी एकटीचीच.

४ सप्टेंबर

पोरीच्या पळायच्या मोज्यांचा एकच जोड. संध्याकाळी धुवायचे, सकाळी ओलेच घालायचे, मग टाचेला फोड. आज मी म्हटलं बस झालं. मैदानाच्या दोरीचं टोक तसंही पिंजलेलं होतं, ते कापलं. चांगलं दोन हात निघालं. गॅसच्या वर दोन खिळे ठोकले आणि बांधून टाकलं. शेगडीची ऊब लागते, सकाळपर्यंत मोजे खडखडीत.

टिटवी म्हणाली, "मावशी, इंजिनिअर व्हायला हवं होतंस तू."

"झालेच असते, पण तुझे मोजे कोणी धुतले असते?"

६ सप्टेंबर

पावसाने मैदानावरच्या जुन्या रेषा पार धुऊन नेल्या होत्या. आज नव्या आखल्या.

खेळाचे नवे सर आलेत. वर्षाच्या करारावर आहेत, पोरगेलेसे, गळ्यात शिट्टी आणि सेकंदांचं घड्याळ. उभे राहून बघत होते. मैदानात दोन लोखंडी गज पुरलेत, मी नोकरीला लागायच्या आधीपासून. दोरीच्या एका टोकाला फास, तो गजात अडकवायचा. दुसऱ्या टोकाला फक्कीचा डबा. दोरी ताणून धरायची आणि डबा हलवत अर्धं गोल फिरायचं, की चुन्याची पांढरी रेघ पडत जाते. मग दुसऱ्या गजापाशी तसंच. मधल्या दोन रेघा सरळ. झालं मैदान, दोनशे मीटरची एक फेरी. गजापाशी फास धरून उभं राहायचं काम टिटवीचं, लहानपणापासून.

सर म्हणाले, "टेप लावून एकदा तपासायचं का?"

मी म्हटलं, "बारा वर्षं आखतेय. तुम्ही शिट्टी फुंका."

हसले. म्हणाले, "मग बघायलाच नको."

यंदा गवत फार माजलंय. रेघ जरा आत आल्यासारखी दिसते.

२१ सप्टेंबर

सर आठशे मीटरला टिटवीवर घड्याळ लावतात. चार फेऱ्या. गेल्या वर्षी दोन मिनिटं तेहतीसच्या खाली आली नव्हती. आज दोन अठ्ठावीस. सर धावत माझ्याकडे आले, मी टाकी घासत होते. "मावशी, तुमची पोरगी काय खाते?"

"माझं डोकं."

५ ऑक्टोबर

यंदा सगळ्याच पोरी पळायला लागल्यात. ती ठोकळा म्हणतात ती, टिटवीची मैत्रीण, जी दर वर्षी शेवटची येऊन मैदानातच आडवी व्हायची, तीही पाच सेकंदांनी सुधारली. तिने सगळ्यांना स्वतःच्या घरी बोलावून लाडू खाऊ घातले. सरांचा हात चांगला आहे म्हणायचा. मोठ्या बाई खूश.

मी टिटवीला म्हटलं, "ठोकळा सुधारली म्हणजे तुझं कौतुक काय राहिलं?" तिचं तोंड पडलं. मी असं बोलायला नको होतं. पण बोलले.

२० ऑक्टोबर

सर घरी आले. खुर्ची एकच, शेगडीला लागून असते, ती त्यांना दिली. डोक्यावर मोजे लटकत होते, त्यांनी मान वाकवली. कामाचं बोलले ते असं: खेळाची एक निवासी शाळा आहे. अकरावी-बारावी तिथे, राहणं, खाणं, शिकणं, खेळ, सगळं त्यांचं. डिसेंबरात निवड चाचणी आहे. आठशे मीटरला चार मुली घेणार. सरांनी टिटवीचा वेळ सही करून पाठवला, दोन चोवीस, आणि तिला बोलावणं आलं.

टिटवी चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून उभी राहिली, चहा ओट्यावर.

मी म्हटलं, "इथे काय कमी आहे?"

सर म्हणाले, "मावशी, इथे मैदान आहे. तिथे पुढचं आयुष्य आहे."

मोठी वाक्यं बोलतात. पण ते गेल्यावर पोरगी मला म्हणाली, "मला जायचंय गं." कधी काही मागत नाही ती. चपलासुद्धा तुटल्यावर सांगते.

१४ नोव्हेंबर

सरांनी तिच्या पायात वेळ भरलाय. एका फेरीला छत्तीस सेकंद, ना एक कमी ना एक जास्त. आता घड्याळ न बघता बरोबर छत्तीसला रेघेवर येते. सर म्हणतात, हा गुण शिकवून येत नाही. दिवसाआड मी फक्की मारते, तीच दोरी, तीच रेघ. पोरगी पळून आली की पोटऱ्यांना चुना लागलेला असतो. आंघोळीत तो काढते आणि गुणगुणते.

७ डिसेंबर

उद्या चाचणी. बस सहाला. सर, ती आणि मी. मोठ्या बाईंनी मला सुट्टी दिली, वर म्हणाल्या, "तिथे कोणाला काही बोलू नका."

मोजे वाळलेत. दोनदा हात लावून पाहिले.

८ डिसेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते, उद्या आणखी लिहवणार नाही.

तिथलं मैदान लाल, रबरी, रेघा रंगाच्या. चारशेची एक फेरी, म्हणजे दोनच फेऱ्या. बारा मुली. टिटवी सुटली ती मजेत. चौथ्या-पाचव्या नंबरला, खांदे ढिले, जशी आपल्या मैदानावर पळते तशी. मला वाटलं झालं काम.

पहिली फेरी संपली. सरांनी घड्याळ बघितलं आणि चेहराच उतरला. बहात्तरला यायला हवी होती, चौऱ्याहत्तर झाले होते. सर ओरडले, "वाढव! मागे आहेस! वाढव!" मीही ओरडले, माझा आवाज तर घंटेपेक्षा मोठा. तिने आमच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू आम्ही दुसऱ्याच कोणाला सांगतोय. आणि सुटली. अर्ध्या फेरीपर्यंत दुसरी होती. मग पाय जड झाले. शेवटच्या सरळ रेघेत एकेक मुलगी तिच्या बाजूने निघून गेली. नववी. दोन मिनिटं छत्तीस.

चौथी आलेली मुलगी दोन तीसला आली. दोन तीस! आमची रोज चोवीसला येते.

तिथले एक मोठे मास्तर कागद हातात घेऊन सरांकडे आले. म्हणाले, "हे चोवीस कुठून आणलंत? घड्याळ उशिरा लावता की काय?" सरांनी कागद घेतला. कान लाल झाले होते.

बसमध्ये टिटवी खिडकीशी. म्हणाली, "मावशी, ते मैदान लांब होतं."

मी म्हटलं, "मैदान लांब नसतं. पाय गळाले म्हण. चार माणसं बघितली आणि घाबरलीस. खोटी कारणं माझ्यापुढे देऊ नकोस."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

९ डिसेंबर

जेवली नाही.

१६ डिसेंबर

पळायला जात नाही. सकाळी साडेपाचला सवयीने उठते आणि गादीवर बसून राहते. सर दोनदा वर्गात जाऊन बोलले. त्यांना म्हणाली, "सर, माझ्यामुळे तुम्हाला खोटारडे म्हणाले." बूट माळ्यावर टाकले. मोजे मात्र दोरीवर तसेच आहेत. मी काढले नाहीत, तीही काढत नाही.

शेजारची मुलगी तिला म्हणाली, घाबरलीस होय गं? टिटवी म्हणाली, "हो. मावशी म्हणते मी घाबरले."

१२ जानेवारी

निवासी शाळेकडून मोठ्या बाईंना पत्र. तुमच्या शाळेने पाठवलेले वेळ विश्वासाचे नाहीत, पुढची दोन वर्षं तुमच्याकडची मुलं घेणार नाही. सरांचा करार वर्ष पुरं व्हायच्या आधीच संपवायचं ठरलं. महिनाअखेर शेवट.

टिटवी आता शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईकडे काजं-बटणं करायला जाते. गळ्यात टेप अडकवून घरी येते. हात चलाख आहे म्हणे.

२३ जानेवारी

आज सर लोखंडी टेप घेऊन आले. दुपारची सुट्टी होती. म्हणाले, "मावशी, जरा टोक धरा." मी धरलं. सरळ रेघ मोजली, बरोबर. मग गजापासून गोलाच्या रेघेपर्यंत मोजलं. दुसऱ्या गजापासूनही. खाली बसले. वाळूत बोटाने आकडे लिहीत होते.

"मावशी, दोरी कधी बदलली होती का?"

"कधीच नाही. बारा वर्षं तीच आहे."

खरं तेच वाटलं म्हणून तेच बोलले. लगेच.

सर म्हणाले, "साधारण नव्वद सेंटिमीटर कमी आहे."

मी म्हटलं, "एवढंसं? त्याने काय होतं?"

त्यांनी मला समजावलं. दोरी आखूड झाली की गोल सगळीकडून आत येतो. एका फेरीला पावणेसहा मीटर कमी. चार फेऱ्यांना तेवीस. म्हणजे टिटवीचे चोवीस हे चोवीस नव्हतेच. ते अठ्ठावीस होते.

मग, माझ्याशी नाही, वाळूशी बोलल्यासारखे म्हणाले, "अठ्ठावीस म्हणजे पहिल्या फेरीला चौऱ्याहत्तर. त्या दिवशी ती बरोबर चौऱ्याहत्तरला आली. तशीच पळत राहिली असती तर अठ्ठावीसला पोचली असती. चौथी तीसला होती. ती बरोबरच पळत होती, मावशी. मी वाढव म्हणालो."

मी म्हटलं, "मीही म्हणाले."

घरी आले. गॅस लावला. वर बघितलं.

दोन हात.

हात लावून मोजली नाही. मोजायची गरज काय?

२४ जानेवारी

रजा घेतली. बारा वर्षांत तिसरी.

२६ जानेवारी

काल सरांनी मोठ्या बाईंना लिहून दिलं, "मैदान मोजून घेण्याची जबाबदारी माझी होती, मी मोजलं नाही, वेळ चुकीचे गेले, चूक माझी." कारकुनाने मला वाचून दाखवलं. वर म्हणाला, "भला माणूस दिसतो, पण बावळट." मी खडूचे डबे मोजत होते. मोजतच राहिले.

मी! ज्या बाईने तपासणीला आलेल्या साहेबांच्या तोंडावर, तुमच्या मोजणीत वर्गातले फळे कमी आलेत म्हणून सांगितलं होतं ती मी. तोंड उघडलंच नाही. नोकरीची भीती होती का? थोडी होती. पण खरी भीती ती नव्हती. सरांना सांगितलं की टिटवीला कळणार.

आणि कळलं तर काय कळणार तिला? तू घाबरली नव्हतीस, हे कळेल. बरोबर पळत होतीस, हेही कळेल. आणि जागा तुझ्या हातात होती, ती तुझ्या मावशीने मोजे वाळत घालायला कापली, हेही. आत्ता तिला वाटतं, तिच्यातच काही नाही. त्याची तिला आता सवय होत आलीये. रात्री झोपते तरी.

कुठलं कमी वाईट ते मला ठरवता येईना. चौथी शिकलेल्या बाईला असले हिशोब येत नाहीत.

३१ जानेवारी

सर आज गेले. फाटकापाशी भेटले. पिशवी आणि शिट्टी. मी म्हटलं, "सर, दोरी मीच कापली होती." एवढंच निघालं तोंडातून.

सर म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"तुमच्या घरी खुर्चीवर बसलो होतो ना. मोजे डोक्याला लागत होते. टेप लावल्यावर आठवलं."

माहीत असून स्वतःच्या नावावर लिहून दिलं त्यांनी. मला रागच आला. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितला होता शहाणपणा?"

ते म्हणाले, "मोजायचं काम माझंच होतं, मावशी. पण तिला मी सांगितलेलं नाही. ते तुमचं काम."

वळून बघितलं नाही त्यांनी. बरं झालं.

२ फेब्रुवारी

सांगितलं.

शिंपिणीकडून आली, हातपाय धुतले, ताटं मांडली. मी खुर्चीवर चढले, दोरी सोडली. मोजे खाली पडले. दोरी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, गोल, पावणेसहा मीटर, चौऱ्याहत्तर, चौथी तीसला. मला सजवून सांगता येत नाही, तसंच सांगितलं, दगड टाकल्यासारखं.

तिने गळ्यातली टेप काढली आणि दोरीला लावली. एकदा मोजली. उलटी करून पुन्हा मोजली.

मी म्हटलं, "तू बसमध्ये म्हणालीस ते खरं होतं. मैदान लांब होतं. म्हणजे, आपलं आखूड होतं."

"मी घाबरले नव्हते?"

"नाही."

"तू सगळ्यांना सांगितलंस मी घाबरले म्हणून. कारकुनाला. ठोकळाच्या आईला. नळावर."

"हो."

"आणि सरांना काढलं."

"हो."

ती उठली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. तिने ताटं उचलून ठेवली, मोजे उचलले, घडी घालून कपाटात ठेवले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टिटवी ओरडली नाही.

३ फेब्रुवारी

मोठ्या बाईंकडे गेले. सांगितलं दोरी मी कापली, सरांचा संबंध नाही, तसं लिहा आणि त्या निवासी शाळेला पाठवा. बाई म्हणाल्या, "आता लिहून काय उपयोग? त्यांची यादी लागली. सर गेले. उगीच तुमच्यावर येईल."

"येऊ दे. लिहा."

कारकुनाने लिहिलं, मी सही केली. कारकून म्हणाला, "मावशी, सही तुमच्यासारखी दिसत नाही." मी म्हटलं, "मीही दिसत नाही."

११ फेब्रुवारी

बोलते. पण कामापुरतं. मीठ दे, दार लाव. मावशी म्हणत नाही.

शाळेतली शंभर पोरं दिवसभर मावशी मावशी करत असतात. कान किटले.

१९ फेब्रुवारी

मला समज मिळाली, लेखी. नोकरी राहिली. निवासी शाळेचं उत्तर आलं, दोन ओळींचं. खुलासा मिळाला, यंदाच्या निवडीत बदल शक्य नाही. सरांचा पत्ता कोणाकडे नाही. कारकून म्हणतो शोधतो. शोधेल तेव्हा खरं.

२७ फेब्रुवारी

खालच्या वर्गांच्या शर्यती पुढल्या आठवड्यात. रेघा नव्याने आखायच्या. ते दोन हात मी मूळ दोरीला परत बांधायला बसले. दारात बसून गाठ मारली, ओढून घट्ट केली.

टिटवी आतून बघत होती. आली, टेप काढली, गाठीच्या अलीकडून पलीकडे धरली.

"गाठीत वीतभर गेली," म्हणाली. "बांधून पुरी होणार नाही. नवी आण."

पंचवीस दिवसांतलं सगळ्यात मोठं वाक्य.

१ मार्च

काल नवी दोरी आणली. टिटवीने घरातच जमिनीवर थोडी थोडी पसरत मोजली, तीनदा. जिथे संपायला हवी तिथे लाल दोऱ्याने आठ टाके घातले. म्हणाली, "या टाक्यांच्या आत कधी कापायची नाही."

आज सकाळी सहाला मी मैदानावर गेले, डबा घेऊन. गजात फास अडकवून एकटीच ताणत होते, पण फास वर सरकत राहतो, कोणीतरी धरावा लागतो. मागे पावलं वाजली. शिंपिणीकडे जायच्या कपड्यांत होती, गळ्यात टेप. खाली बसली आणि फास धरला. मी अर्धं गोल फिरले. मग दुसऱ्या गजापाशी गेलो, तिथेही तसंच. रेघ जुन्या रेघेच्या बाहेरून गेली. दोन्ही दिसत होत्या, आतली पुसट, बाहेरची पांढरी, मध्ये गवताचा पट्टा. एवढासा. एका माणसाला नीट झोपतासुद्धा आलं नसतं त्यात.

काम झालं. मला वाटलं आता जाईल. तिने चपला काढून रेघेबाहेर ठेवल्या आणि नव्या रेघेवर चालायला लागली. पळाली नाही. टाचेला पुढच्या पायाचा अंगठा लावत, एकेक पाऊल, ओठ हलत होते. मोजत होती. अख्खी फेरी. ऊन वर आलं, पाचवीतली पोरं फाटकातून यायला लागली, तरी तिने चूक होऊ दिली नाही. मग आतल्या जुन्या रेघेवर गेली आणि तीही फेरी तशीच चालली.

मी डबा धरून उभी. घंटा द्यायची वेळ टळून गेली होती.

ती आली. पायांना दोन्हीकडून चुना. चपला घातल्या.

"किती आलं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी लाल मैदानावरून पाहिलं होतं तसंच.

"घंटा दे, मावशी," म्हणाली. "उशीर झालाय."